झेल नंतर मोजा, आधी संधी मोजा!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडे घालते. पेन्सिल घ्या आणि वहीचे मागचे पान उघडा.

अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमधले दोन खेळाडू आहेत. दोघेही आपापल्या संघात एकाच जागेवर खेळतात. २०२० च्या हंगामातली त्यांची कामगिरी अशी :

पहिला खेळाडू – ५२ झेल, ५८६ यार्ड, ११ टचडाउन.
दुसरा खेळाडू – ६३ झेल, ६१५ यार्ड, ४ टचडाउन.

२०२१ च्या हंगामासाठी या दोघांपैकी एकालाच तुमच्या संघात घ्यायचे आहे. कोणाला घ्याल?

"बाई, यार्ड काय, टचडाउन काय, आम्हाला कुठे ठाऊक?" असे म्हणू नका. एवढेच लक्षात ठेवा, की टचडाउनला सगळ्यात जास्त गुण मिळतात. आता 'पहिला' की 'दुसरा' ते वहीत लिहून टाका. नंतर खाडाखोड करायची नाही हं!

माझ्या भाच्यापुढे हीच निवड आली होती. तो न्यू जर्सीत राहतो, २०२१ साली सहावीत होता. त्याने पटकन 'पहिला' म्हटले आणि सपशेल आपटला. तो का आपटला, त्यातून काय शिकला आणि त्याच्या शिकण्याने पुढे माझीच कशी फजिती झाली, ती ही गोष्ट.

हा फुटबॉल वेगळा!

आपण शाळेच्या मैदानावर पायाने खेळतो, तो हा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, छोट्या पपईसारखा असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाडजूड पॅड. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे असते. जमले, तर पुन्हा चार प्रयत्न. नाही जमले, तर चेंडू समोरच्यांकडे. असे करत करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की टचडाउन! त्याचे ६ गुण. थोडी कबड्डीची आठवण होते ना? तुम्हाला रेषा गाठायची आहे आणि समोरचे सगळे तुम्हाला लोळवायला टपलेले!

संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. मधला खेळाडू आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे त्याच्याकडे देतो. याला 'स्नॅप' म्हणतात. स्नॅप झाला की चाल सुरू. मग क्वार्टरबॅक एक तर चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला पळवतो, नाही तर लांब पळणाऱ्या एखाद्या साथीदाराकडे फेकतो. तो फेकलेला चेंडू झेलला, की झेल मोजला जातो.

या खेळाच्या तिथल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे नाव एनएफएल. तीत ३२ संघ आहेत. २०२० पर्यंत प्रत्येक संघ हंगामात १६ सामने खेळायचा; २०२१ पासून १७ खेळतो.

कागदावरचा संघ

आता माझा भाचा काही हेल्मेट घालून मैदानात उतरला नव्हता बरं का! तो खेळत होता 'फँटसी फुटबॉल', म्हणजे कागदावरचा फुटबॉल.

या खेळाचा जन्म १९६२ सालचा. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात उतरले होते. तिथे मित्रमंडळींबरोबर गप्पा मारता मारता त्यांना ही कल्पना सुचली. १९६३ मध्ये आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. युक्ती साधी होती. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला एक काल्पनिक संघ निवडायचा. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग प्रत्यक्ष सामन्यात तो खेळाडू जे करील, त्याचे गुण तुमच्या खात्यात. तेव्हा लोक सोमवारी वर्तमानपत्र उघडून बेरजा करत. आता संगणक करतो.

भाच्याच्या वर्गातल्या दहा जणांची लीग होती. एक झेल म्हणजे १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनचे ६ गुण. पैशाचा संबंध नाही. शेवटचा नंबर येईल त्याने सगळ्यांसमोर उभे राहून गाणे म्हणायचे, एवढीच शिक्षा!

हे मुद्दाम सांगते, कारण असे खेळ पैसे लावूनही खेळले जातात आणि त्यात मोठमोठी माणसेसुद्धा हात पोळून घेतात. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तेव्हा आपले गणित वहीतले, आणि बक्षीस फार तर टाळ्यांचे.

एका हातात ढाल, दुसऱ्या हातात चेंडू

आपल्या कोड्यातले दोन्ही खेळाडू 'टाइट एंड' या जागेवरचे आहेत. ही जागा मोठी गमतीची आहे. संघाच्या पुढच्या फळीत पाच धिप्पाड खेळाडू समोरच्यांना अडवायला उभे असतात. त्या रांगेला अगदी चिकटून, टोकाला उभा राहतो तो टाइट एंड. त्याला कामे दोन. कधी भिंत होऊन समोरच्याला अडवायचे. कधी रांगेतून सुटून पुढे पळायचे आणि चेंडू झेलायचा. म्हणून तो हवा उंच, दणकट आणि तरीही चपळ.

फार पूर्वी या खेळाडूकडे मुख्यतः भिंत म्हणूनच बघत. मग १९६१ साली शिकागो बेअर्स संघात माइक डिटका नावाचा नवखा टाइट एंड आला. पहिल्याच हंगामात त्याने ५६ झेल घेतले, १,०७६ यार्ड कमावले आणि १२ टचडाउन केले. पुढे टोनी गोन्झालेझने १७ हंगामांत १,३२५ झेल घेतले. अँटोनिओ गेट्स तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो बास्केटबॉलचा खेळाडू! त्याने ११६ टचडाउन केले. कोणत्याही टाइट एंडचा हा विक्रमी आकडा आहे.

पण डिटका आणि गोन्झालेझ काही गल्लोगल्ली सापडत नाहीत. कागदी संघात टाइट एंडची जागा बहुधा एकच असते. पहिले तीन-चार नामांकित खेळाडू भराभर उचलले जातात. मग उरलेले सगळे सारखेच वाटू लागतात. आणि नेमकी तिथेच फसगत होते.

भाच्याची फसगत

कोड्यातला पहिला खेळाडू म्हणजे ग्रीन बे पॅकर्सचा रॉबर्ट टॉन्यन. दुसरा डॅलस काउबॉइजचा डाल्टन शुल्झ. आता वर सांगितलेल्या नियमाने दोघांचे २०२० चे गुण काढू.

टॉन्यन – झेलांचे ५२, यार्डांचे ५८.६, टचडाउनचे ६६. एकूण १७६.६.
शुल्झ – झेलांचे ६३, यार्डांचे ६१.५, टचडाउनचे २४. एकूण १४८.५.

टॉन्यन २८ गुणांनी पुढे! शिवाय ११ टचडाउन म्हणजे काय साधी गोष्ट आहे? त्याच हंगामात कॅन्सस सिटीचा ट्रॅव्हिस केल्सी हा सर्वांत गाजलेला टाइट एंड होता. त्याचेही टचडाउन ११च. भाच्याला वाटले, आपल्याला दुसरा केल्सी स्वस्तात मिळाला! त्याने टॉन्यनला घेतले. बऱ्याच वेळाने वर्गातल्या एका मुलीने शुल्झला घेतले. सगळे तिला हसले.

२०२१ मध्ये काय झाले? टॉन्यनने पहिल्या आठ सामन्यांत मिळून १८ झेल घेतले, २०४ यार्ड आणि फक्त २ टचडाउन. आठव्या सामन्यात बिचाऱ्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्याचा हंगामच संपला. शुल्झने मात्र ७८ झेल, ८०८ यार्ड आणि ८ टचडाउन केले. गुण झाले २०६.८!

भाचा शेवटचा आला. त्याला गाणे म्हणावे लागले. त्याने एक मराठी बडबडगीत म्हटले. कोणालाच ते कळले नाही, त्यामुळे थोडक्यात निभावले.

दुखापत कोणाला आधी कळत नाही, ते सोडून द्या. पण दुखापतीपूर्वीही टॉन्यनची गाडी अडलेलीच होती. आदल्या वर्षी सामन्यामागे त्याचे ११ गुण पडत होते. या वर्षी ६ च्या थोडे वर. भाच्याने त्या मुलीला विचारले, "तुला कसं कळलं गं?"

ती म्हणाली, "तू टचडाउन मोजलेस. मी टार्गेट मोजले."

चार प्रश्नांची वही

टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने त्या खेळाडूकडे रोख धरून चेंडू फेकला, अशी प्रत्येक वेळ. मग तो झेलला जावो, नाही तर निसटो. २०२० मध्ये टॉन्यनकडे १६ सामन्यांत चेंडू आला ५९ वेळा. शुल्झकडे ८९ वेळा. आणि केल्सीकडे? १५ सामन्यांत १४५ वेळा! सामन्यामागे जवळजवळ दहा.

आले लक्षात? केल्सी आणि टॉन्यन यांचे टचडाउन सारखे होते. संध्या सारख्या नव्हत्या. केल्सीने १०५ झेल घेतले, म्हणजे साधारण दर नऊ-दहा झेलांमागे एक टचडाउन. टॉन्यनला दर पाचामागे एक मिळाला होता. इतके भरभरून दान दरवर्षी पडत नाही.

यात टॉन्यनचा काही दोष नव्हता बरं का. ५९ पैकी ५२ चेंडू झेलणे ही मोठीच कामगिरी आहे. पण त्या वर्षी त्याच्या संघाचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने तब्बल ४८ टचडाउन पास फेकले होते. सगळ्या स्पर्धेत सर्वांत जास्त! घरात लग्न असले, की शेजाऱ्यांच्याही ताटात जिलबी पडते, तसे ते झाले. पुढे बरा होऊन टॉन्यन २०२२ मध्ये पूर्ण १७ सामने खेळला. क्वार्टरबॅक तोच. झेल ५३, म्हणजे २०२० पेक्षा एक जास्त. आणि टचडाउन? अवघे २!

मग भाच्याने एक वही केली. कोणताही टाइट एंड घेण्यापूर्वी तो तीत चार प्रश्नांची उत्तरे लिहितो.

पहिला प्रश्न : तो किती चालींत मैदानावर होता? एका सामन्यात संघाच्या साधारण साठ-पासष्ट चाली होतात. बाकावर बसलेल्याकडे चेंडू येत नाही, हे उघडच आहे.

दुसरा प्रश्न : पासच्या चालींपैकी किती चालींत तो झेलायला पळाला? या पळण्याच्या ठरलेल्या वाटेला 'रूट' म्हणतात. हा प्रश्न टाइट एंडसाठी फार महत्त्वाचा. समजा, सामन्यात ३५ पासच्या चाली झाल्या. 'क्ष' हा खेळाडू एकूण ५० चालींत मैदानावर होता, पण पासच्या चालींपैकी २० वेळा तो भिंत होऊन उभा राहिला आणि १५ वेळाच पळाला. 'य' मैदानावर ४० चालींतच होता, पण झेलायला ३० वेळा पळाला. पहिल्या प्रश्नात 'क्ष' पुढे, दुसऱ्यात 'य' कितीतरी पुढे. कागदी संघात घ्यायचा 'य'!

तिसरा प्रश्न : संघाच्या दर शंभर पासांपैकी किती त्याच्याकडे आले? याला टार्गेटचा वाटा म्हणू. टाइट एंडकडे पाचातला एक चेंडू येत असेल, म्हणजे वाटा २० टक्के असेल, तर तो संघाचा खास भरवशाचा गडी समजावा.

चौथा प्रश्न : चेंडू कुठे असताना आला? समोरच्यांच्या शेवटच्या २० यार्डांना 'रेड झोन' म्हणतात. तिथे चेंडू येत असेल, तर टचडाउनची शक्यता वाढते.

तुम्ही विचाराल, टचडाउनपेक्षा टार्गेटवर जास्त भरवसा का ठेवायचा? याचे कारण साधे आहे. टार्गेट हा एक निर्णय असतो. प्रशिक्षकाने चाल आखली, क्वार्टरबॅकने विश्वास टाकला, म्हणून चेंडू आला. ज्याच्यावर या आठवड्यात विश्वास आहे, त्याच्यावर बहुधा पुढच्या आठवड्यातही असतो. टचडाउनमध्ये मात्र निर्णयाबरोबर नशीबही मिसळलेले असते. रेषेच्या एक यार्ड अलीकडे कोणी पाय धरला, तर तोच सुंदर झेल टचडाउन होत नाही. शिवाय टचडाउन मुळात थोडे. थोड्या गोष्टींची मोजणी फार हेलकावे खाते. नाणे चार वेळा उडवले तर चारही वेळा छापा येऊ शकतो. शंभर वेळा उडवून बघा बरे!

उलटा नमुना

आता याच्या अगदी उलट उदाहरण बघा. ॲरिझोना कार्डिनल्सचा ट्रे मॅकब्राइड. २०२४ मध्ये त्याने १११ झेल घेतले, १,१४६ यार्ड कमावले, आणि झेल घेऊन केलेले टचडाउन फक्त २. नुसते टचडाउन बघणारा माणूस त्याला ओलांडून पुढे गेला असता. पण त्याच्याकडे चेंडू आला होता १४७ वेळा! गुण काढा : १११ अधिक ११४.६ अधिक १२, म्हणजे २३७.६. टॉन्यनच्या ११ टचडाउनच्या सोन्यासारख्या वर्षापेक्षा ६१ गुणांनी जास्त.

आकडे म्हणजे जादूची कांडी नव्हे

"म्हणजे टार्गेट मोजले की झाले!" असे म्हणून वही मिटू नका. एवढे सोपे असते, तर दहाच्या दहा जण पहिले आले असते.

अटलांटा फाल्कन्सच्या काइल पिट्सचे ऐका. २०२१ मध्ये नवख्या खेळाडूंच्या निवडीत त्याला चौथ्या क्रमांकावर उचलले. टाइट एंडला इतका वरचा क्रमांक तोपर्यंत कधी मिळाला नव्हता. पहिल्याच हंगामात त्याच्याकडे ११० वेळा चेंडू आला. त्याने ६८ झेल घेतले आणि १,०२६ यार्ड कमावले. डिटकानंतर साठ वर्षांनी एका नवख्या टाइट एंडने हजार यार्ड ओलांडले होते. टचडाउन मात्र एकच. सगळ्यांनी हिशेब केला : संध्या भरपूर आहेत, पुढच्या वर्षी टचडाउन वाढणारच.

पण २०२२ मध्ये त्याच्या संघाने चेंडू हातात घेऊन पळण्यावरच भर दिला. पास इतके कमी फेकले, की त्यातला मोठा वाटासुद्धा मुळात लहानच ठरला. मोठा तुकडा, पण भाकरीच छोटी! शिवाय आलेले कितीतरी चेंडू झेलण्याजोगे नव्हते. १० सामने खेळून गुडघ्याच्या दुखापतीने तो बाहेर पडला. त्याच्याकडे चेंडू आला होता ५९ वेळा. गंमत बघा, २०२० मध्ये टॉन्यनकडेही बरोबर ५९ वेळाच आला होता. टॉन्यनने ५२ झेलले. पिट्सचे झाले २८. म्हणून भाच्याने वहीत पाचवी ओळ वाढवली : चेंडू कसा आला?

आणखी एक गोष्ट. टाइट एंडने भिंत होऊन दोन दांडगट खेळाडू रोखले आणि त्याच्या आडून साथीदाराने टचडाउन केला, तर कागदी खेळात त्याला मिळतात शून्य गुण. संघाचा प्रशिक्षक मात्र त्याची पाठ थोपटतो. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉर्ज किटल २०१८ मध्ये १,३७७ यार्ड कमावणारा टाइट एंड. पण तो किती जोरकसपणे अडवतो, याचेही जाणकार कौतुक करतात. ते कौतुक गुणांच्या तक्त्यात दिसत नाही. जे मोजले नाही ते घडलेच नाही, असे कधी समजू नये.

मागच्या बाकावरचा पाहुणा

गेल्या जुलैमध्ये भाचा आमच्याकडे आला होता. बाहेर धो धो पाऊस, घरी करमेना. म्हणून एक दिवस मी त्याला माझ्या चौथीच्या वर्गात नेले. "मागच्या बाकावर गप्प बसायचं," असा दमही दिला. तो गप्प बसला खरा, पण त्याची पेन्सिल चालू होती.

मधल्या सुट्टीत त्याने वही माझ्यापुढे धरली.

"मावशी, गणिताच्या तासाला तू २४ प्रश्न विचारलेस."

"बरं, मग?"

"त्यातले १५ चारच मुलांना विचारलेस. राहिलेले ९ सात जणांना. आज वर्गात ३१ मुलं होती. म्हणजे २० जणांना एकही प्रश्न नाही."

मी म्हटले, "अरे, ती मुलं हातच वर करत नाहीत!"

तो म्हणाला, "पण मावशी, क्वार्टरबॅक तूच आहेस ना?"

मला काही बोलताच येईना. कारण आदल्याच दिवशी मी एका मुलाच्या आईला सांगितले होते, "तुमचा मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही हो." बिचारी खाली मान घालून गेली होती. वहीत त्या मुलाच्या जागेसमोर शून्य होते. आधीच्या दिवसांची मोजणी कोणी केली नव्हती, पण ती कशी निघाली असती, ते मला पक्के ठाऊक होते. त्याच्या हातून चेंडू सुटला नव्हता. मी तो त्याच्याकडे फेकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मीही एक वही केली. प्रश्न विचारला, की नावापुढे एक रेघ. पहिल्या आठवड्यात तो मुलगा नुसताच उभा राहायचा. मी थांबायची, घाईघाईने दुसऱ्याला विचारायची नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने हळू आवाजात उत्तर दिले. चुकले. कोणीतरी फिस्सकन हसले, त्याला मी दटावले. तिसऱ्या आठवड्यात तो फळ्यापाशी आला आणि त्याने भागाकाराचे उदाहरण सोडवले. शेवटची पायरी तेवढी चुकली. त्याच दिवशी मी त्याच्या आईला निरोप पाठवून बोलावले आणि सांगितले, की त्या दिवशी बोलताना माझेच चुकले होते.

तो काही एकदम पहिला आला नाही. तशा गोष्टी सिनेमात होतात. पण आता तो वर्गात बोलतो. आणि त्याच्याविषयी कोणी विचारले, तर मला अंदाजाने सांगावे लागत नाही.

आता तुमची वही

तर मित्रांनो, तुम्ही काय लिहिले होते? 'पहिला' लिहिले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी तुम्हाला निम्मेच आकडे दिले होते. टार्गेटचे आकडे मुद्दाम लपवले होते. उत्तर चुकले नाही. प्रश्न अपुरा होता. म्हणून यापुढे कोणी नुसता शेवटचा आकडा पुढे केला, तर विचारायला शिका : "आणि संध्या किती मिळाल्या?"

येत्या रविवारी एक प्रयोग करा. गल्लीत क्रिकेट खेळताना वहीत प्रत्येकाचे नाव लिहा. कोणाला किती चेंडू खेळायला मिळाले आणि कोणी किती धावा केल्या, दोन्ही लिहा. तुमच्यात एखादा लिंबूटिंबू असेलच. त्याला शेवटी पाठवायचे, दोन चेंडू टाकायचे आणि वर म्हणायचे, "याला खेळताच येत नाही!" चार रविवारांचे आकडे समोर ठेवा आणि मग बोला.

स्वतःचाही असाच हिशेब मांडा. "मला गणित येत नाही," असे म्हणण्यापूर्वी या आठवड्यात किती उदाहरणे सोडवायला घेतली, ते मोजा. "मला पोहता येत नाही," म्हणणाऱ्याने पाण्यात किती वेळा उतरलो, ते आठवावे. आणि आईबाबा किंवा बाई तुम्हाला विचारतच नसतील, तर न घाबरता सांगा, "मलाही विचारा ना!" टाइट एंडसुद्धा मोकळा झाला, की हात वर करतो. क्वार्टरबॅकच्या नजरेला पडायला नको का?

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे 'संधी', उजवीकडे 'कामगिरी'. डावा रकाना भरल्याशिवाय उजव्याकडे बघायचे नाही.

मग, कधी आखताय?